शक्तिमान आमच्या बजरंगावर चिडला, आणि मी शक्तिमानावर

(या भागात बोललेलं जवळजवळ जसंच्या तसं इथे लिहून काढलंय. ज्यांच्याकडे नेट कमी आहे किंवा ज्यांना बसमध्ये इअरफोन न लावता वाचायचंय, त्यांच्यासाठी.)

आवाज येतोय ना नीट? मागे भोंगा ऐकू आला तर घाबरू नका, जंगर आहे. आगरदांड्याहून दिघीला येणारी. आमच्या घराची खिडकी खाडीकडे उघडते, त्यामुळे माझ्या प्रत्येक भागात एक-दोन भोंगे फुकट मिळतात.

आजचा भाग जरा वेगळा आहे. नेहमी मी सिनेमाबद्दल बोलतो, आज माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. म्हणजे सिनेमा आहेच, पण चूक माझी आहे.

विषय असा की, तुमचा आवडता सुपरहिरो तुमच्या दुसऱ्या आवडत्या सुपरहिरोच्या पिक्चरला शिव्या घालतो, तेव्हा फॅनने काय करायचं? माझ्यासोबत हे जून २०२३ मध्ये झालं. पिक्चर होता ‘आदिपुरुष’. शिव्या घालणारे होते मुकेश खन्ना. म्हणजे आपला शक्तिमान.

आधी शक्तिमानाबद्दल. जे आता विशीत आहेत त्यांना ‘शक्तिमान’ म्हणजे मीम वाटतं. आमच्यासाठी तसं नव्हतं. १३ सप्टेंबर १९९७ ला दूरदर्शनवर ही मालिका सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. मला आठवतो तो रविवार दुपारी बाराचा शक्तिमान. आमच्याकडे तेव्हा दुपारी लाईट जायची म्हणजे जायचीच. पण माझा काका मच्छीमार. त्याच्या होडीची बॅटरी तो शनिवारी रात्रीच चार्ज करून ठेवायचा आणि बरोबर पावणेबाराला छोट्या ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीला जोडायचा. वीस-पंचवीस पोरं ओटीवर. शक्तिमानाचे कपडे लाल असतात हे मला पहिली दोन वर्षं फक्त ऐकून माहीत होतं.

आणि हात वर करून गोल गोल फिरणं, ते तर सगळ्यांनी केलंय. मी जरा जास्तच केलं. धक्क्यावर ओढून ठेवलेल्या एका होडीच्या नाळेवर उभा राहून गोल फिरलो आणि उडी मारली. हनुवटीला चार टाके. खूण अजून आहे, म्हणून दाढी ठेवतो.

त्या काळात देशभर हीच ओरड होती. पोरं शक्तिमानाची नक्कल करतात, तो वाचवायला येईल म्हणून जिवावरचे खेळ करतात, असं पेपरात छापून यायचं, मालिकेवर टीका व्हायची. मग एपिसोडच्या शेवटी मुकेश खन्ना स्वतः शक्तिमानाच्या वेशात मुलांशी बोलायचे. असं करू नका, हे स्टंट खोटे असतात, वगैरे. टाके पडल्यानंतरच्या रविवारी काकाने माझी मान धरून टीव्हीकडे वळवली आणि म्हणाला, “बघ. तोच सांगतोय. आता तरी ऐक.” तेव्हापासून माझ्या डोक्यात शक्तिमान म्हणजे उडणारा माणूस कमी आणि कान पिळणारा माणूस जास्त.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने ‘शक्तिमान’ परत दाखवायला सुरुवात केली. मी मुंबईहून घरी आलेलो. काका आणि मी परत एकदा ओटीवर. या वेळी रंगीत. मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दिवेआगर, श्रीवर्धन, आमच्याकडे सगळीकडे नारळी-सुपारीच्या वाड्या झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले आणि लाईट कितीतरी दिवस आलीच नाही. आमचा शक्तिमान परत अर्ध्यात राहिला. बॅटरीला जोडायला आता तो जुना टीव्हीही नव्हता.

आता दुसरा हिरो. देवदत्त नागे. ‘जय मल्हार’ २०१४ मध्ये झी मराठीवर आली, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रानं त्याला खंडोबा म्हणून पाहिलं. पण आमच्या रायगडात त्याची ओळख वेगळी आहे. तो अलिबागचा. आणि अलिबागचा असणं म्हणजे काय, हे मुंबईत नोकरी केलेल्या रायगडकराला विचारा. “अलिबाग से आया है क्या?” हिंदी सिनेमावाल्यांनी हा डायलॉग इतका वापरला की तो वेड्या माणसाचा पर्यायी शब्द झाला. यावर बंदी आणा म्हणून २०१९ मध्ये अलिबागच्या एका रहिवाशाने मुंबई हायकोर्टात याचिका केली होती. कोर्टाने ती फेटाळली. विनोद प्रत्येक समाजावर होतात, अपमान मानून घेऊ नका, असा त्याचा आशय. ठीक आहे. पण मी दिघीचा असूनसुद्धा ऑफिसमध्ये मला ते ऐकवलं जायचं. खाडीच्या अलीकडचे-पलीकडचे त्यांना सारखेच.

तर हा अलिबागचा माणूस आधी ‘तान्हाजी’मध्ये सूर्याजी मालुसरे झाला. जानेवारी २०२०. तान्हाजी-सूर्याजींचं उमरठही आपल्याच रायगडात, पोलादपूर तालुक्यात. आणि मग त्याच दिग्दर्शकाने, ओम राऊतने, त्याला पाचशे कोटींचा म्हणून गाजवलेल्या पिक्चरमध्ये थेट हनुमान केलं. प्रभासच्या शेजारी. सैफ अली खानच्या समोर. दिग्दर्शक मराठी, बजरंग अलिबागचा, आणि ज्या गाण्यांनी अंगावर काटा येत होता ती अजय-अतुलची. मंडळी, मला वाटलं, आता विचारा कोण कुठून आया है.

टीझर २ ऑक्टोबर २०२२ ला अयोध्येत आला आणि लोकांनी धुतला. व्हीएफएक्स म्हणजे मोबाईल गेम वाटतो, रावण खिलजी वाटतो, हनुमानाला दाढी आहे पण मिशी कुठेय. मुकेश खन्ना तेव्हाच बोलले होते. आपले देव अर्नॉल्ड श्वार्झनेगरसारखे नसतात, त्यांच्या चेहऱ्यावर सौम्यपणा असतो, असं काहीसं. मी तेव्हा दुर्लक्ष केलं. जानेवारीत येणारा पिक्चर पुढे ढकलला, सुधारणा करतो म्हणाले, आणि शेवटी १६ जून २०२३ ला आला.

जूनमध्ये काका मोकळाच असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. होड्या वर ओढलेल्या, जाळी शिवायची, बाकी काम नाही. म्हटलं, काका, चल पनवेलला. रविवारी पहाटे निघालो, म्हसळा, माणगाव, आणि मग मुंबई-गोवा हायवे, ज्याच्याबद्दल मी एक वेगळा भाग करू शकतो.

एक गोष्ट सांगायलाच हवी. निर्मात्यांनी जाहीर केलं होतं की प्रत्येक थिएटरमध्ये एक खुर्ची हनुमानासाठी रिकामी ठेवणार. आमच्या थिएटरमध्ये त्या खुर्चीवर फोटो आणि हार होता. पोरं सेल्फी काढत होती. काकाने चपला काढल्या, खुर्चीला नमस्कार केला, आणि मग आपल्या जागेवर जाऊन बसला. अनवाणीच.

पिक्चर सुरू झाला. देवदत्त आला तेव्हा मी शिट्टी मारली. पहिला अर्धा तास बरा गेला. मग लंकेत शेपटीला आग लावायचा प्रसंग आला आणि बजरंगाच्या तोंडून तो डायलॉग आला. तुम्हाला माहितेय कुठला. मी इथे म्हणत नाही. थिएटरमध्ये काही जण हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. मी पण हसलो. बाजूला पाहिलं तर काका त्या हार घातलेल्या खुर्चीकडे बघत होता.

घरी येईपर्यंत तो काही बोलला नाही. मला वाटलं, दमला असेल.

त्याच आठवड्यात सगळीकडे आग लागली. निर्मात्यांनी तीन दिवसांत जगभरात ३४० कोटी झाले म्हणून सांगितलं, आणि सोमवारपासून गल्ला कोसळला. डायलॉग बदलावे लागले. लेखक मनोज मुंतशिर यांनी पुढे जुलैमध्ये हात जोडून माफी मागितली. आणि त्या गदारोळात मुकेश खन्नांचे व्हिडिओ आले. रामायणाचा याहून मोठा अपमान नाही, अशा अर्थाचं ते बोलले. टीमबद्दल तर इतकी टोकाची भाषा वापरली की ती मी परत उच्चारणार नाही.

आणि माझं डोकं फिरलं. मला त्यात रामायण दिसलंच नाही. मला दिसलं की मुंबईतला एक मोठा माणूस आमच्या अलिबागच्या पोराला नावं ठेवतोय. मी रात्री दीड वाजता त्या व्हिडिओखाली चार कमेंट टाकल्या. तुमचा काळ संपला. जळतंय का. तुमचे व्हीएफएक्स बघा आधी, दोरी दिसायची. चौथी कमेंट वयावरून होती, ती मी सांगत नाही, लाज वाटते. एवढ्यावर थांबलो नाही. शक्तिमानाच्या वेशातला त्यांचा फोटो घेऊन स्टोरी टाकली, वर एक घाणेरडी ओळ. दोनशे लोकांनी पाहिली. हसण्याचे इमोजी आले. मस्त वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या दोनशेमध्ये माझी चुलत बहीण होती. तिने ती काकाला दाखवली. चुगली म्हणून नाही, तिला वाटलं काका हसेल.

दुसऱ्या दिवशी मी धक्क्यावर गेलो. काका जाळं शिवत बसला होता. समोर राजपुरी, डावीकडे जंजिरा, वर भरलेलं आभाळ. मी शेजारी बसलो. पाच मिनिटं तो बोललाच नाही. मग मान वर न करता म्हणाला, “बाला, तुझ्या हनवटीला टाके पडले तेव्हा तुला कोण काय सांगितलंन?”

मी म्हटलं, “काका, ते वेगळं होतं. आता तो आपल्या माणसाला बोलतोय.”

“आपला माणूस म्हणजे नाग्यांचा पोरगा?”

“हो.”

“मग मारुती कोणाचा?”

मला उत्तर नव्हतं.

आता इथे तुम्हाला एक माहिती हवी. काका तरुणपणी आमच्या पाड्यातल्या नाटकात मारुती व्हायचा. हनुमान जयंतीच्या उत्सवात. शेपूट होडीच्या जुन्या दोरखंडाची, आत तार. नऊ दिवस आधीपासून तो वशाट खायचा नाही. कोळी माणूस, नऊ दिवस म्हावरं नाही, विचार करा. का, तर म्हाताऱ्या बायका नाटकाआधी येऊन त्याच्या पाया पडायच्या. तो म्हणाला, “माझ्या पाया नव्हत्या पडत. पण माझ्या अंगावरून तो नमस्कार जायचा ना, मग अंग साफ नको?”

आणि मग त्याने एक गोष्ट सांगितली. पहिल्या वर्षी त्याने लंकेच्या प्रवेशात टाळ्या मिळवायला स्वतःच्या मनाने एक चावट वाक्य घातलं. लोक खूप हसले. नाटक संपल्यावर गावातला एक म्हातारा, जो स्वतः पूर्वी मारुती व्हायचा, सगळ्यांसमोर म्हणाला की हा मारुती नाही, हे नुसतं माकड आहे. काका दोन महिने त्याच्याशी बोलला नाही. “मला वाटला जळतोय. त्याची जागा मी घेतली ना.” पुढच्या वर्षी ते वाक्य काढलं. टाळी गेली. पण तो म्हातारा पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसला.

काका म्हणाला, “ज्याला काय पडलेली नसते तो मधेच उठून जातो, बाला. नावं ठेवणारा शेवटपर्यंत बसलेला असतो.”

मी घरी येऊन विचार करत बसलो. आणि मग जरा वाचलं. वाल्मीकी रामायणात किष्किंधाकांडात राम आणि हनुमान पहिल्यांदा भेटतात. हनुमान वेश बदलून आलेला असतो, बोलतो, आणि राम लक्ष्मणाला काय सांगतो? त्याच्या ताकदीबद्दल नाही, उडण्याबद्दल नाही. तो त्याच्या बोलण्याचं कौतुक करतो. वेद आणि व्याकरण शिकल्याशिवाय कोणी असं बोलू शकणार नाही, एवढं बोलला पण एक शब्द चुकला नाही. म्हणजे हनुमानाची पहिली सुपरपॉवर कुठली, तर वाणी. आणि पिक्चरने नेमकी तीच काढून घेतली. पाचशे कोटींत सगळं होतं, ती नव्हती.

हे कळल्यावर मला तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसायला लागल्या, ज्या त्या रात्री दीड वाजता एकच गोळा होत्या.

एक, देवदत्त नागे. त्याने ते डायलॉग लिहिले नव्हते. त्याचं उभं राहणं, त्याचे डोळे, मला आजही आवडतात. आणि शरीराबद्दल म्हणाल तर मुकेशजींशी मी तेव्हाही सहमत नव्हतो, आजही नाही. राम सौम्य हवा, मान्य. पण महाराष्ट्रात तालीम म्हटली की मारुती आलाच. समर्थांनी अकरा मारुती बसवले ते पोरांनी हात जोडावेत म्हणून आणि दंड काढावेत म्हणूनही. आमचा मारुती पिळदारच असतो.

दोन, पिक्चर. तो फसला होता. मला थिएटरमध्येच कळलं होतं. काकाच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. मी ते स्वतःशी कबूल केलं नाही, कारण कबूल केलं तर “अलिबाग से आया है क्या” परत सुरू होईल अशी भीती होती. पण पिक्चर पडल्याने अलिबाग पडत नाही. हे समजायला मला तिशी जवळ यावी लागली.

तीन, मुकेश खन्ना. त्यांची भाषा चुकली. माणसांबद्दल तसं बोलू नये. पण मुद्दा चुकला नव्हता. आणि मी काय केलं? त्यांचा मुद्दा सोडून दिला आणि त्यांची चूक तेवढी उचलली. त्यांनी टीमला जे केलं तेच मी त्यांना केलं. फक्त मी ते रजईत लपून केलं.

हे काही फक्त आपल्याकडे होत नाही. २०१९ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी म्हणाले की मार्व्हलचे पिक्चर म्हणजे सिनेमा नव्हे, थीम पार्क. फॅन्सनी त्यांना आजोबा ठरवलं. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्शद वारसी एका पॉडकास्टवर म्हणाला की ‘कल्की २८९८ एडी’मध्ये प्रभास जोकरसारखा वाटला. झालं, प्रभासचे फॅन तुटून पडले, उत्तर-दक्षिण भांडण पेटलं. पण दिग्दर्शक नाग अश्विनचं उत्तर आठवतं का? अर्शदने शब्द जपून वापरायला हवे होते असं म्हणाला, उत्तर-दक्षिण करू नका म्हणाला, अर्शदच्या मुलांसाठी पिक्चरमधल्या बुज्जी गाडीची खेळणी पाठवतो म्हणाला, आणि पुढच्या भागासाठी अजून मेहनत घेतो म्हणाला. पुढे अर्शदनेही सांगितलं की मी माणसाबद्दल नाही, भूमिकेबद्दल बोललो. विषय संपला. ज्याचा पिक्चर होता त्याला एवढं मोठं मन दाखवता आलं, आणि ज्यांनी फक्त तिकीट काढलं होतं त्यांना नाही.

तर मी काय केलं. चारही कमेंट डिलीट केल्या. स्टोरी तर चोवीस तासांत गेलीच होती, पण गेली म्हणून झाली नाही असं होत नाही. मग दुसरी स्टोरी टाकली की कालची चूक होती. ती साठ जणांनी पाहिली. आणि त्याच व्हिडिओखाली एक नवी कमेंट लिहिली, की सर, डायलॉगबद्दल तुमचं बरोबर आहे, भाषेबद्दल नाही, आणि ज्याने हनुमान केला तो आमच्या जिल्ह्याचा आहे, त्याच्या मेहनतीबद्दल दोन शब्द बोलला असता तर बरं वाटलं असतं. लहानपणी तुमचं ऐकून उड्या मारणं बंद केलं, म्हणून सांगतोय. त्या कमेंटला दोन लाईक आले. त्यातला एक चुलत बहिणीचा.

काकाला मी ती वाचून दाखवली. तो म्हणाला, “लांब झाली. पण बरी हाय.” आणि सुई माझ्या हातात दिली, धर म्हणाला, तो कोपरा शिव. आमच्याकडे याला माफी म्हणतात.

एक पुरवणी. मार्च २०२४ मध्ये मुकेशजींनी परत तोफ डागली. रणवीर सिंग नवा शक्तिमान होणार अशी चर्चा होती, तर तो या भूमिकेला शोभत नाही म्हणाले. मी घाबरत घाबरत काकाला तो व्हिडिओ दाखवला. काकाने पूर्ण पाहिला, शेवटपर्यंत. मग म्हणाला, “आता याला पण कोण तरी मान धरून टीव्ही दाखवा.” म्हणजे टीका करणाऱ्यावरही टीका चालते, मंडळी. फक्त पूर्ण ऐकून घेतल्यावर.

आता तुमची पाळी. तुम्ही कुठल्या हिरोसाठी कुणाशी भांडलात आणि नंतर वाटलं की अरे, समोरचा बरोबर बोलत होता? व्हॉइस नोट पाठवा, एक मिनिटाची. शिव्या असतील तर कापाव्या लागतील, आणि मी हे सगळं मोबाईलवरच एडिट करतो, तेव्हा दया करा.

जंगर सुटतेय, भोंगा ऐकलात ना? चला. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि होडीवरून उडी मारू नका.